शो नंतर ३ आठवड्यांत ११ किलो चढलं, पाय सुजले, यावेळी काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा २५ वर्षांचा, डोंबिवलीचा, अकाउंट्सची नोकरी, ७० किलो गटात बॉडीबिल्डिंगच्या स्पर्धा, म्हणजे शो, खेळतो. शोला ११ दिवस राहिलेत, वजन ७१.४ आणि खाणं दिवसाला १७०० कॅलरी. झोप लागत नाही, सारखी थंडी वाजते, घरच्यांवर खेकसतो. मागच्या वर्षी शो झाल्यावर ३ आठवड्यांत ११ किलो चढलं, घोटे सुजले, मग दोन महिने जिमचं तोंड बघितलं नाही. यावेळी कोचने कागदाच्या पुडीत दोन गोळ्या दिल्यात, शेवटच्या दोन दिवसांत घ्यायला. त्याचं विचारणं असं की पाणी कसं तोडू, म्हणजे शोच्या आधी पाणी पिणं कसं कमी करू, गोळ्या घेऊ का, मे महिन्यात बहिणीचं लग्न आहे तोवर परत तसंच होऊ नये म्हणून काय करू, आणि मधे पाच आठवड्यांनी अजून एक शो आहे तो खेळू का.

बघ भावा, मी स्वतः आठ वर्षं खेळलोय आणि त्यानंतर वीसेक वर्षं पोरं तयार करतोय, त्यामुळे जे सांगतो ते थोडं स्वतःच्या अंगावर काढलेलं आहे. पहिलं गोळ्यांचं उरकू.

ती पुडी टाकून दे. गोळीचं नाव तू लिहिलं नाहीस, बहुतेक तुलाही माहीत नसेल, आणि तीच तर गडबड आहे. आपल्याकडे ‘पाणी काढायची गोळी’ म्हणून दोन प्रकारच्या गोळ्या फिरतात. एक लघवीवाटे पाण्याबरोबर सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम सगळंच बाहेर फेकते, दुसरी पोटॅशियम उलट आत धरून ठेवते. आता बॅकस्टेजला क्रॅम्प आला की कोणीतरी शहाणा नारळपाणी आणि केळं पुढे करतो, कोणी लो सोडियम मीठ चाटायला देतो ज्यात पोटॅशियम असतं, आणि पोराने दुसऱ्या प्रकारची गोळी घेतलेली असेल तर रक्तातलं पोटॅशियम इतकं वर जाऊ शकतं की हृदयाचा ठोकाच चुकतो. पहिल्या प्रकारच्या गोळीने ते उलट खाली जाऊन तेच होतं. बाहेरून बघून कोणाला काही कळत नाही, ईसीजी आणि रक्त तपासल्याशिवाय डॉक्टरलाही कळत नाही, आणि आपल्या मैदानातल्या शोला रात्री एक वाजता ईसीजी कुठून आणणार?

हे घाबरवायला सांगत नाहीये. मोहम्मद बेनअझीझा हा व्यावसायिक बॉडीबिल्डर १९९२ साली हॉलंडमधली स्पर्धा जिंकला आणि त्यानंतर काही तासांत गेला. अँड्रियास मुन्झर मार्च १९९६ मध्ये गेला, वय ३१, तो महिनाही स्पर्धांचाच होता. पॉल डिलेट १९९४ च्या अर्नोल्ड क्लासिकला स्टेजवर पोज मारता मारता अक्षरशः गोठला, हलता येईना, उचलून न्यावं लागलं. ही जगातली वरची माणसं, आजूबाजूला पैसे आणि माणसं दोन्ही असलेली. आपल्याकडचा एक मुलगा मी स्वतः विंगेत कोसळताना बघितलाय, दुसऱ्याच्या हाताखालचा होता, नाव नको, वाचला तो, पण नंतर स्टेजवर कधी आला नाही. आणि अजून एक, या गोळ्या डोपिंगच्या बंदी यादीत आहेत, म्हणजे टेस्ट झाली तर तिकडूनही गेलास.

आता पाणी तोडायचं. यावर आपल्या लाइनीत जितकी अंधश्रद्धा आहे तितकी कशावर नसेल. पोरं समजतात की चामडी आणि स्नायू यांच्यामध्ये पाण्याचा एक थर असतो, तो काढला की कट्स, म्हणजे स्नायूंच्या रेषा, दिसतात. अरे स्नायूच मुळात पाऊण पाणी आहे. तू जो कार्ब लोड करतोस, म्हणजे शोच्या तोंडावर भात वगैरे भरपूर खातोस, तो स्नायूत साठताना दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी सोबत घेऊन साठतो, मग भात खायचा आणि पाणी बंद करायचं म्हणजे सिमेंट टाकून पाणी न टाकण्यासारखं झालं. स्नायू चपटे, फ्लॅट दिसतात, पंप म्हणजे रक्त भरून फुगणं येत नाही, नसा दिसत नाहीत, आणि मग तू म्हणतोस पाणी अजून निघालं नाही. जे तुला पाणी वाटतंय ते पन्नासात चाळीस वेळा चरबी असते. मिठाचंही तसंच, मीठ एकदम बंद केलं की शरीर एक-दोन दिवसांत अल्डोस्टेरॉन हे मीठ धरणारं हार्मोन वाढवतं आणि असेल तेवढं मीठ-पाणी धरून बसतं, शिवाय आतड्यातून साखर शोषायलाही सोडियम लागतं. आणि दिवसाला ८-१० लिटर पाणी पिऊन मीठ शून्य करणं हा तर सगळ्यात वाईट प्रकार, रक्तातलं सोडियम पडतं, आधी डोकं दुखतं, मग उलटी, मग फिट येऊ शकते.

मी काय करायला लावतो सांगतो. पाणी रोजचं ३-४ लिटर आहे तेवढंच शोच्या आदल्या रात्रीपर्यंत. मीठ नेहमीचं. वजन मोजायच्या दिवशी गरजेपुरते घोट. तुला १.४ किलो कमी करायचंय ना, ११ दिवस आहेत, त्यातलं अर्धं चालू डाएटमध्ये जाईल, उरलेलं आतड्यातून जाईल. वजनाच्या आधी तीन दिवस कोबी, काकडी, ओट्स, रताळं, ब्राऊन राईस सगळं बंद, त्याऐवजी साधा पांढरा भात, अंड्याचा पांढरा भाग, चिकन किंवा मासा. तंतू कमी झाले की पोटातला मालच कमी होतो, अर्धा ते एक किलो सहज उतरतो, पाण्याचा थेंब न तोडता, आणि कंबरही बारीक दिसते. एवढी साधी गोष्ट कोणी सांगत नाही कारण यात गोळी नाही आणि गुपितही नाही.

थंडी वाजणं, झोप न लागणं, चिडचिड, यातलं काहीच तुझ्या स्वभावाचं नाहीये. एका नॅचरल बॉडीबिल्डरला १२ महिने तपासलं होतं, सहा महिने शोच्या आधीचे आणि सहा नंतरचे, २०१३ साली ते छापून आलं. त्याची चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ वर आली, आणि त्याबरोबर आराम करत असतानाचा हार्टरेट ५३ वरून २७ वर. टेस्टोस्टेरॉन ९.२२ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरवरून २.२७ वर. म्हणजे औषध न घेणारा, तरुण, निरोगी माणूस, आणि हार्मोन म्हाताऱ्या माणसाचे. शो झाल्यावर खायला लागला तसं ते बरंचसं हळूहळू जागेवर आलं, पण ताकद सहा महिन्यांतही पूर्ण परत आली नाही. तेव्हा तुला अंगावर दोन गोधड्या घ्याव्या लागतायत, बायको-गर्लफ्रेंडमध्ये रस नाही, लोकलमध्ये धक्का लागला की डोळ्यांत पाणी येतं किंवा हात उगारावासा वाटतो, तर ते शरीर बत्ती कमी करून घर चालवतंय म्हणून. घरच्यांना हे एकदा बसवून सांग. आईला वाटतं पोराला काहीतरी लागलंय.

झोपेचं मात्र आजपासून करता येईल. दिवसाच्या कार्बमधला मोठा वाटा रात्रीच्या जेवणात टाक, तेवढाच भात, फक्त वेळ बदल. फॅट बर्नर आणि प्री-वर्कआउट (व्यायामाआधीची तरतरीची पावडर) दुपारी दोननंतर नको, खरं तर शेवटच्या दहा दिवसांत बर्नर हवाच कशाला, जे जळायचं ते जळलंय. झोपायच्या आधी गरम पाण्याने आंघोळ, पायात मोजे. पहाटे ४ ला उपाशी कार्डिओ करतोस ना, तो संध्याकाळी कामावरून येताना एक स्टेशन चालत कर आणि सकाळी तासभर जास्त झोप. पाय ट्रेन करणं शोच्या ५-६ दिवस आधी थांबव, त्यात जी बारीक सूज असते ती उतरली की मांड्यांचे कट्स आपोआप दिसतात, लोक त्याचं क्रेडिट गोळीला देतात.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी एवढं टाइप करतोय. तुझा शो ११ दिवसांनी संपत नाहीये. तो संपतो शो झाल्यावर साधारण सहा-आठ आठवड्यांनी. तुझ्याकडे शोच्या आधीचा १६ आठवड्यांचा चार्ट असेल, ग्रॅममध्ये, आणि शोच्या दुसऱ्या दिवसाचा एक ओळीचाही नसेल. बरोबर ना? मागच्या वर्षीही नव्हता. म्हणून ११ किलो.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो, २००४ ची. ६५ किलो गट, दुसरा आलो. रात्री दोन वाजता मैदानाबाहेरच्या गाडीवर सहा वडापाव, मग मित्रांबरोबर बिर्याणी, घरी येऊन आईने ठेवलेलं श्रीखंड, किलोचा डबा होता. पुढचे चार दिवस तसेच. गंमत म्हणजे पोट फुटायला आलेलं असायचं आणि भूक तशीच. पाचव्या दिवशी चप्पल पायात जाईना, नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. आई रडायला लागली की किडनी गेली. डॉक्टरांनी लघवी-रक्त तपासलं, सगळं ठीक, म्हणाले तुम्ही चार महिने उपाशी होतात का? मी म्हटलं नाही, मी फिट होतो. त्यांनी नुसतं बघितलं माझ्याकडे.

तर ती सूज का येते, तू पाणी-मीठ तोडलेलं असतंस, पाणी धरून ठेवणारे हार्मोन फुल्ल चढलेले असतात, आणि त्याच वेळी एकदम खारट आणि गोड आत येतं, इन्सुलिन वाढतं आणि इन्सुलिनही किडनीला सोडियम धरायला लावतं. म्हणून जेवढं जास्त तोडाल तेवढं जास्त सुजाल. नुसती दोन्ही पायांना सारखी आणि चेहऱ्यावरची सूज असेल तर बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत उतरते, ती उतरवायला परत पाणी तोडायचं नाही आणि गोळी तर नाहीच, उलट पाणी नीट प्यायचं आणि बसल्या-झोपल्या पाय उशीवर वर ठेवायचे. पण एकाच पायाला सूज आणि पोटरी दुखतेय, आडवं झालं की धाप लागते, छातीत धडधड, लघवी कमी झाली किंवा कोल्ड्रिंकसारखी काळपट झाली, यातलं काही असेल तर मला मेसेज करू नकोस, सरळ हॉस्पिटल. आणि तिथे काय काय घेतलंय ते खरं सांगायचं. डॉक्टर पोलिसांना फोन करत नाहीत.

आणि भूक. मागच्या वर्षी तू स्वतःला शिव्या घातल्या असशील की माझ्यात कंट्रोल नाही. जो माणूस चार महिने बहिणीच्या वाढदिवसाचा केक न खाता राहिला त्याच्यात कंट्रोल नाही? १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीजने ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, युद्धानंतर उपाशी लोकांना परत कसं खाऊ घालायचं हे कळावं म्हणून. पोरांचं पाव वजन उतरलं. थंडी वाजायची, चिडचिड, बाईमाणसात रस नाही, दिवसभर खाण्याच्या गप्पा, रेसिपीची पुस्तकं जमवायला लागले. तुझ्या मोबाईलमध्ये आत्ता किती फूड व्हिडिओ सेव्ह आहेत ते बघ एकदा. आणि मोकळं खायला दिल्यावर काहीजण पोट भरलं तरी खातच राहिले, चरबी आधीपेक्षाही वर गेली आणि स्नायू मागून हळूहळू भरत आला. ते बॉडीबिल्डर नव्हते, साधी माणसं. चरबी संपली की लेप्टिन, म्हणजे पोट भरल्याचं सांगणारं हार्मोन, पडतं, मेंदूला वाटतं दुष्काळ आहे, आणि दुष्काळात सापडलेला माणूस समोर ताट आलं की थांबत नाही. इच्छाशक्तीवर सोडलं तर शरीर जिंकतं, दरवेळी. म्हणून आत्ता, डोकं थोडं तरी ठिकाणावर असताना, कागदावर लिहून फ्रीजला लाव.

शोच्या रात्री एक जेवण, मनासारखं, घरच्यांबरोबर बसून, ताटात. वडापाव खायचाय तर खा, पण गाडीवर उभं राहून नाही. सोबत ओआरएसचं एक पाकीट लिटरभर पाण्यात, घोट घोट. दुसऱ्या दिवशी सकाळपासून परत चार जेवणं, वेळेवर, पण खाणं लगेच वाढलेलं. तू आत्ता १७०० कॅलरीवर आहेस म्हणालास, तर दुसऱ्याच दिवशी २३०० च्या आसपास. काही कोच आठवड्याला पन्नास-पन्नास कॅलरी वाढवत नेतात, रिव्हर्स डाएट म्हणून, मला ते पटत नाही, म्हणजे अजून दोन महिने उपाशीच ठेवायचं आणि मग शनिवारी रात्री पोरगं फुटतं. वाढवायचं ते तेल, तूप, अख्खी अंडी, शेंगदाणे आणि भात-भाकरी यांनी, कारण हार्मोन परत यायला फॅट लागतं आणि ते तू चार महिने टाळलंयस. वरण-भात-तूप-लिंबू हे शो नंतरचं सगळ्यात चांगलं जेवण आहे असं माझं ठाम मत आहे, पोट भरतं, पचतं आणि माणसात आल्यासारखं वाटतं. घरात फरसाण, बिस्किटं, पीनट बटरची मोठी बरणी ठेवू नकोस, मला विचारशील तर पीनट बटरने जेवढे ऑफ सीझन खराब केलेत तेवढे दारूने केले नसतील.

पहिल्या महिन्यात ३-४ किलो चढणार आणि चढायलाच हवं, त्यातलं बरंचसं पाणी आणि भरलेला स्नायू असतो. आठव्या आठवड्यापर्यंत ७५-७६. पोट मऊ होईल, कट्स जातील, आणि इथे पोरं फसतात. स्टेजवरची बॉडी एका रात्रीची असते, लाईट, टॅन, पंप सगळं धरून, ती रोजच्या आरशात शोधायची नाही. फोटो खाली करायचे नाहीत पण रोज उघडून बघायचेही नाहीत. कोणीतरी जिममध्ये म्हणणारच, काय रे सुटलास, त्याला सांग हो, ठरवून. दोन आठवडे मनाला उतार येणं नॉर्मल आहे, चार महिने एकच गोष्ट डोक्यात होती ती गेली की रिकामं वाटतं. पण त्यापुढेही सकाळी उठावंसं वाटत नाही, लपून खातोयस, खाऊन ओकतोयस, जगण्यात राम नाही वाटतं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं, कोचकडे नाही. माझी दोन पोरं मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊन आलीत, चांगली झाली, एक अजून खेळतो.

जिम बंद ठेवायची नाही पण पहिला आठवडा नुसतं चालणं, पोहता येत असेल तर पोहणं. मग तीन आठवडे नेहमीच्या निम्मे सेट, फेल्युअरला, म्हणजे वजन उचलवेनासं होईपर्यंत, जायचं नाही. खाणं वाढलं की अंगात जोर आल्यासारखं वाटतं, खांद्या-कोपराचे सांधे मात्र मागे राहतात, आणि मी बघितलेल्या छातीच्या आणि बायसेपच्या फाटाफुटी बऱ्याचशा याच महिन्यातल्या, ‘आज भारी वाटतंय’ म्हणून केलेल्या.

शो नंतर तीन-चार आठवड्यांनी रक्त तपास. सीबीसी, लिपिड, लिव्हर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, थायरॉईड, आणि सकाळी उपाशीपोटी टेस्टोस्टेरॉन. त्याआधी दोन-तीन दिवस व्यायाम नको, नाहीतर लिव्हरच्या तपासणीतलं एसजीओटी-एसजीपीटी स्नायूंमुळेच वर दिसतं आणि उगाच लिव्हरची भीती, जीजीटी ही लिव्हरचीच दुसरी तपासणी सोबत करून घेतलं तर फरक कळतो. क्रिएटिनिनही स्नायू आणि क्रिएटिन पावडरमुळे थोडं वर येतं, डॉक्टरला सांग, शंका असेल तर ते सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी तपासणी करायला सांगतील. बीपी मात्र आजच मोज. तू सायकलबद्दल, म्हणजे स्टेरॉइडच्या कोर्सबद्दल, काही लिहिलं नाहीस, मी विचारतही नाही, पण केली असेल तर शो नंतर स्वतःच्या मनाने बंद आणि स्वतःच्या मनाने पीसीटी (सायकलनंतर हार्मोन परत चालू करायची औषधं) हे नको, एंडोक्रिनोलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरकडे जा, त्या आठवड्यांत हार्मोन पूर्ण तळाला असतात आणि मनाचे सगळ्यात वाईट दिवस तेच असतात.

मुली वाचत असतील तर एवढंच, पाळी बंद होणं म्हणजे ‘कंडिशन आली’ असं कोणी सांगत असेल तर तो कोच बदला. शो नंतर खाणं वाढवूनही तीन महिन्यांत आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ, कारण हाडांचा प्रश्न असतो, आणि हाडं परत मिळत नाहीत.

दुसऱ्या शोचं. पाच आठवडे म्हणजे तू अजून पाच आठवडे याच अवस्थेत. तीन गोष्टी बघ, या शोनंतर पाच-सहा दिवस २३०० वर खाऊन झोप परत येते का, सकाळचा हार्टरेट वर येतो का, आणि तुला स्वतःला जायचंय का की कोणी जिमच्या नावासाठी ढकलतंय. तिन्हीला हो असेल तर खेळ, चार्ट मी बघून देईन. एकालाही नाही असेल तर पुढच्या वर्षी. खरं सांगू, ज्याने हे ११ दिवस आधी विचारलं त्याला उत्तर माहीत असतं.

आणि बहिणीच्या लग्नाला मागच्यासारखं होईल म्हणून घाबरू नकोस, मे म्हणजे आमरसाचे दिवस, पंगतीला बस, दोन वाट्या घे, तोवर तू ७६ च्या आसपास असशील आणि तेच तुझं खरं वजन आहे. फक्त शेरवानीचं माप आत्ता टाकू नकोस. शो झाल्यावर महिन्याने दे, आणि टेलरला शिलाईत दोन इंच कापड सोडायला सांग.